पेटी उघडायची राहिली

प्रिय नलू,

आज सकाळी माळ्यावरची लोकरीच्या कपड्यांची बॅग खाली काढली. मुक्ताला तुझी शाल हवी होती. शालीच्या घडीत लंडनच्या त्या नाटकाची माहितीपुस्तिका सापडली, आणि तिच्या दुसऱ्या पानावर तुझं अक्षर. ते वाचलं आणि तडक लिहायला बसलो. तुला जाऊन दहा महिने झाले; तरीही खुलासा मागण्याचा माझा अधिकार अबाधित आहे, असं मी मानतो.

मुद्द्यावर येण्यापूर्वी पार्श्वभूमी सांगणं आवश्यक आहे. (तू आत्ता जांभई दिलीस. मला ठाऊक आहे.)

आठ वर्षांपूर्वीचा लंडनमधला तो दिवस. आपण तिघं: तू, मी आणि तेव्हा कॉलेजात असलेली आपली मुक्ता. कसब्यातल्या आपल्या घरी आठवडाभर खपून मी वेळापत्रक तयार केलं होतं. सकाळी पूल, दुपारी क्रिकेट, संध्याकाळी नाटक. प्रत्येकाला स्वतंत्र प्रत. तुझ्या प्रतीत तू दशम्या गुंडाळल्यास, हे मला दिसलं नाही असं तुला वाटलं का?

टेम्सवरचा तो पूल मोठं जहाज आलं की मधोमध दुभंगून वर उचलला जातो. एवढं वजन कसं तोलतात, हे मी तुम्हाला काठावर उभं राहून दोन छत्र्यांच्या साहाय्याने दाखवलं.

"अहो, छत्र्या मिटा," तू म्हणालीस. "तिथे पाटीवर लिहिलंय, दहा मिनिटांत तो खराच उघडणार आहे."

"नलू, तत्त्व समजलं की दृश्य गौण असतं."

आणि मी तुम्हाला बसकडे नेलं. खरंच असं म्हणालो मी? आणि तू ऐकून घेतलंस?

मैदानावर भुरभुर सुरू होती, खेळ थांबलेला. शेजारी एक वृद्ध साहेब सँडविच खात बसले होते. तू त्यांना दशमी आणि लसणाची चटणी दिलीस. मी त्यांना पायचीतचा नियम सोदाहरण समजावला. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. केवढा हुरूप आला मला! ते पाणी चटणीचं होतं, हे तू मला नंतर बसमध्ये सांगितलंस.

अखेर खेळ सुरू झाला आणि वेळापत्रकानुसार आपण उठलो. फाटकाबाहेर पडतो तोच आत प्रचंड गलका.

"कोणीतरी बाद झालं वाटतं," तू म्हणालीस. "आपल्याशिवाय."

आता नाटक. रंगमंचावर एका म्हातारीची कुलूपबंद पेटी. आत काय आहे, यावरून तासभर साऱ्या घराचं भांडण. शेवटी म्हातारी कमरेची किल्ली काढते, कुलपाला लावते, आणि पडदा! टाळ्या, दिवे. मुक्ता माझ्या खांद्यावर गाढ झोपलेली.

मी शास्त्रीय पद्धतीने निरीक्षण केलं. आपल्याकडे मध्यंतर झालं की अर्धं नाट्यगृह बटाटेवड्याकडे धावतं. इथे कोणीही धावलं नाही. लोक जागेवर बसून आइस्क्रीम खाऊ लागले. अर्थात, शेवट गोड करण्याची त्यांची रीत! निष्कर्ष उघड होता: नाटक संपलं.

"अहो, पण पेटी उघडलीच नाही," तू दारात थबकलीस.

"हेच आधुनिक नाटक, नलू! प्रश्न महत्त्वाचा, उत्तर नव्हे."

परतीच्या गाडीत पाऊण तास मी हा मुद्दा विस्ताराने मांडला. इतकी एकाग्र श्रोती मला वर्गात तीस वर्षांत लाभली नव्हती.

त्यानंतर सात वर्षं तू त्या पेटीबद्दल विचारत राहिलीस. मंडईतून पिशव्या घेऊन येताना: "अहो, पेटीत पैठणी असेल का हो?" गवार निवडताना: "रिकामीच असेल." दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, सलाईनकडे पाहत: "मला वाटतं, पेटीत वेळापत्रक असेल." मी दर वेळी न चिडता समजावलं. तुझ्या भिशीच्या मैत्रिणींनाही समजावलं. त्या खाली मान घालून का हसत होत्या, याचा उलगडा मला आज होतो आहे.

कारण पुस्तिकेत छापलं आहे: मध्यंतर, वीस मिनिटं. त्याखाली पेन्सिलीची रेघ. आणि बाजूला तुझं अक्षर: 'यांना सांगायचं नाही. आज फार आनंदात आहेत.'

मुक्ताला दाखवलं, तर ती शांतपणे म्हणाली, "बाबा, आईने मला तेव्हा गाडीतच दाखवलं होतं. म्हणाली, एक शब्द बोललीस तर बघ."

नलू! म्हणजे ते कुतूहल नव्हतंच? सात वर्षं तो टोमणा होता? आणि मी त्याची उत्तरं देत होतो!

पण एक सांग. दारातून मागे फिरायला दहा पावलंही लागली नसती. बाही धरून ओढायचंस ना मला! तुला पाहायचं होतं ना गं? उघडणारा पूल, ती विकेट, ती पेटी? मी तुला सगळं समजावलं आणि काहीच पाहू दिलं नाही. हे मला एकदाही सुचू नये?

मुक्ताने लगेच फोन काढला. "बाबा, दोन मिनिटांत शोधते, पेटीत काय होतं ते."

"ठेव तो फोन," मी म्हणालो. ओरडलोच.

तेच नाटक तिथे अजून चालू आहे, एवढं मात्र तिला पाहू दिलं. मे महिन्यात आम्ही दोघं जाणार आहोत. वेळापत्रक केलेलं नाही. तीनदा कागद घेतला, तीनदा ठेवला. पूल उघडेपर्यंत काठावर उभा राहीन. सामन्याला शेवटचा गडी परतेपर्यंत बसेन. मध्यंतरात जागेवर बसून आइस्क्रीम खाईन. आणि म्हातारीने किल्ली फिरवली की तुझ्या बाजूला वळून काहीही समजावणार नाही. फक्त म्हणेन, "उघडली गं."

तुझा,
वसंत

(छत्री एकच नेणार आहे.)