विहीणबाईंचा फोन

बुढापारा, रायपूर
बुधवार, २४ मार्च २०२१

ताई,

तुले आणि घरच्या सगळ्यांले नमस्कार. वर्ध्यात ऊन तापलं असेल. इथंही पंख्याशिवाय बसवत नाही. माझी साखर बरी आहे, गुडघा आहे तसाच आहे.

उद्या अकरा वाजता माझी लस. दुपारपासून तयारीच करून राहिली. आधार कार्ड सापडत नव्हतं, ते पोथीत निघालं. सगळ्या ब्लाउजांच्या बाह्या कोपरापर्यंत घट्ट, दंडावर चढतच नाहीत. शेवटी जांभळ्याची शिवण उसवली. नात अनुश्री बघून हसत होती. "आजी, नानी ने तो कब से ढीली बाँह वाला निकालकर रखा है, उनको सब पता रहता है।" सातवीतली पोट्टी, आजीले नानीचे धडे देते!

हव बाई, नानीले सगळं येते. आमच्या सूनबाईची, यामिनीची आई म्हणजे काय साधी बाई? शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवलं. मोबाइलवर विजेचं बिल भरते, भाजी मागवते. समता कॉलनीतल्या अर्ध्या म्हाताऱ्यांची नावं लसीसाठी या मीराबाईंनीच लावली म्हणे. माझा सचिन तिले 'मम्मी' म्हणते. मम्मी म्हणताना त्याचा आवाज मऊ होते, हे मी सोळा वर्षं ऐकून राहिली.

लग्नात याच बाईनं चांदीच्या ताटात माझे पाय धुतले होते. वरमाय मी! विहिणींच्या पंगतीत पहिलं पान माझं. आणि आता माझ्याच स्वयंपाकघरात लोणच्यात मीठ किती घालायचं विचारलं तर माझी सून म्हणते, "रुकिए आई, मम्मी से पूछती हूँ." जळते मी, ताई. सरळच लिहिते, जीव नुसता जळते माझा.

आता खरं लिहायचं ते लिहिते. फोनवर जमणार नाही. यामिनी समोरच बसलेली असते, आणि तू मले मधातच तोडशील.

रविवारी तू सचिनले फोनवर झापलं. सासूले लस टोचून आणली अन् जन्म देणारीले विसरला, असं म्हणली ना? मीच तुले तसं सांगितलं होतं. रडून सांगितलं होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मले म्हणला, "मावशीचं बरोबर आहे आई, मीच आधी बघायला पाहिजे होतं." आणि ताटावरून तसाच उठला. मी वरणाची वाटी घेऊन उभी होती.

झालं असं. दहा तारखेले तो बिलासपूरले दौऱ्यावर होता. जाताना त्यानंच मीराबाईंले सांगितलं, दोघींची नावं एकाच वेळी लावा. त्यांनी माझं नाव आधी भरलं. माझ्या फोनवर सहा आकडे आले आणि मागोमाग त्यांचा फोन. "प्रेमलाताई, नंबर आला असेल, तेवढा सांगा." तेवढा सांगा! माझ्या लसीसाठीही मी हिच्यासमोर हात पसरू? मी म्हणली, "तो नंबर कोणालेच सांगायचा नाही, असं सचिननं बजावलं आहे. माझा मुलगा आल्यावर करेल, तुम्ही काहून त्रास घेता?" आणि फोन ठेवून दिला. तिनं आणखी तीनदा केला. मी मटार सोलत बसली, फोन वाजू दिला.

तेवढ्यात जागा भरल्या. आता तू म्हणशील, तिची तर झाली ना? नाही झाली, ताई. विहीणबाईंले सोडून मी एकटी कशी जाऊ, म्हणून तिनं स्वतःचीही घेतली नाही. दुसऱ्या दिवशी परत आल्यावर सचिननं तिले विचारलं. फोन स्पीकरवर होता, मी बाजूलेच. ती म्हणली, "अरे, प्रेमलाताईंनी तर लगेच नंबर दिला. जागाच नव्हत्या रे."

माझ्यासाठी खोटं बोलली! भांडली असती, चुगली केली असती, तर मले बरं वाटलं असतं. यातही वरचढ निघाली. त्याच रागात मी तुले फोन लावला आणि पोटच्या पोरावर नाही ते ढकललं. सासूचीही लस झाली नाही, हेही त्यानं तुले सांगितलं नाही; तो अजून समजते की चूक त्याचीच. परवा त्यानं स्वतः बसून आम्हा दोघींची नावं लावली, चार वेळा तपासली.

हे पत्र मिळाल्याबरोबर तू त्याले फोन कर. मावशीचं चुकलं म्हण. मले काय बोलायचं ते नंतर बोल, मी ऐकून घेईन.

उद्या सव्वादहाले सचिन गाडी काढेल. इथून मी एकटीच बसणार, मग समता कॉलनीत जाऊन तिले घ्यायचं. तेवढ्या रस्त्यात मी त्याले सगळं सांगणार आहे. ती गाडीत बसायच्या आधी. तिनं आजवर सांगितलं नाही, पुढंही सांगणार नाही, म्हणूनच मले सांगायचं आहे. एवढ्या एका गोष्टीत तरी मी तिच्या मागं राहणार नाही.

पोरावर खोटा आळ घेणारी, तरी तुझीच,
प्रेमला