पौर्णिमेआधीची होडी

२९ जुलै १९३४, रविवार, सोलापूर

कोंडीबा नारळी पौर्णिमेच्या आधीच दर्यावर जाणार! जेवता जेवता सांगितलं, जसं काही बाजारला निघालाय. रत्नागिरीहून निरोप आला आहे, तो ज्याच्या होडीवर खलाशी आहे त्या तांडेलाचा. सगळ्यांच्या आधी खोल पाण्यात जाळं टाकलं की मासळीला चढा भाव. म्हणून यंदा पौर्णिमेची वाट बघायची नाही म्हणे.

गेल्या पावसाळ्यात घरी आला तेव्हा ह्याच पोरानं मला हंगाम समजावून दिला होता. आषाढ-श्रावणात दर्या खवळलेला, होड्या वर ओढून ठेवायच्या. पौर्णिमेला नारळ वाहिल्यावर किनाऱ्याजवळ जाळं टाकायचं. दिवाळी झाली की पाणी निवांत—तेव्हा लांब जायचं, सुरमईला. आता तोच भर वाऱ्यात निघालाय.

आणि हे? भाकरी मोडत बसले. सख्खा बाप!

१ ऑगस्ट

आज सरळ म्हटलं, तू जायचं नाहीस.

"शब्द दिलाय आये. एक माणूस कमी पडला तर होडी सुटत न्हाय."

"मग नको सुटू दे."

"बाकीच्यांनी काय खायचं? पावसाळाभर बसून हायती ती."

ह्यांच्याकडं वळले. म्हटलं, तुम्ही भोयाच्या पोटचे, भीमेच्या तरीवर वल्हं मारत वाढलात. पुराचं पाणी कसं असतं ते सांगा की त्याला! तर म्हणाले, पोरगं मोठं झालंय. झालं! एवढ्यावर उठून ओट्यावर जाऊन बसले. गिरणीनं काम कमी केल्यापासून तो ओटा आणि हे.

५ ऑगस्ट

सुईणीच्या कामाला दवाखान्यात गेले, दोन बाळंतपणं केली. दोन्ही मुलगे. त्यांच्या आया हसत होत्या. मला हसू आलं नाही.

७ ऑगस्ट

कोंडीबाला हुडहुडी भरून ताप. हिवताप आहे. अंग नुसतं भाजतंय. मला बरं वाटलं—लिहून ठेवते, लाज वाटत नाही. आता कसा जातोस बघते! तो तापातही होडीचंच बोलतोय. हे उशाशी बसलेत, त्याच्याशी हळूहळू काही बोलतात. मी गेले की गप्प.

९ ऑगस्ट

कमाल झाली! पोरगं तापानं फणफणलंय आणि हे मंगळवेढ्याला निघाले. बहिणीच्या रानात कुळवणी आहे म्हणे. आजच? म्हटलं, तुमच्या काळजाच्या जागी धोंडा आहे. घोंगडी खांद्यावर टाकली आणि गेले. मी दारापर्यंतसुद्धा गेले नाही.

१४ ऑगस्ट

ताप उतरला. ह्यांचा निरोप नाही, चौकशी नाही. कोंडीबा माझ्याकडं बघत नाही. बापाबद्दल बोलले की भिंतीकडं तोंड करतो.

१६ ऑगस्ट

नणंद केराबाई मंगळवेढ्याहून आली. भाच्याच्या तापाचं कळलं म्हणून. विचारलं, तुझ्या भावाला सोबत का आणलं नाहीस? ती म्हणाली, "दादा आमच्याकडं कुटं आलाय, वैनी?"

कोंडीबा रडायलाच लागला. मग सगळं बाहेर आलं. तांडेलाचं घर कुठं, मोटार कुठून, होडीत कोण कोण—सगळं ह्यांनी त्याला विचारून घेतलं होतं. त्याच्या जागी हे गेलेत. होडी केव्हाच सुटली असणार.

माझ्या तोंडावर खोटं बोलले! आणि ह्या पोरानं इतके दिवस मला शिव्या घालू दिल्या!

२१ ऑगस्ट, मिऱ्या बंदर, रत्नागिरी

कोल्हापूरपर्यंत आगगाडी, पुढं मोटार. घाटात ओकून जीव गेला. कोंडीबानं धरून आणलं, खरं तर त्यालाच धरायला हवं होतं.

होडी आलेली नाही. दर्या मी पहिल्यांदाच बघते आहे. माझ्याच्यानं बघवत नाही. तांडेलाच्या बायकोला नाही नाही ते बोलले. तिनं ऐकून घेतलं. तिचाही नवरा त्याच होडीत आहे, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

२२ ऑगस्ट

आली! सगळे सुखरूप. एक जाळं गेलं, तेवढंच. भर किनाऱ्यावर ह्यांना इतकं बोलले की लोक गोळा झाले. हे ओले, हात सोललेले, आणि हसत होते. लग्नापासून ह्यांना असं हसताना मी बघितलेलं नाही.

२४ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

सगळ्या होड्या सुटल्या. हेही गेले. काल म्हणाले, "लई वर्सं गिरणीत साच्यापुढं उभा ऱ्हायलो. एवढा हंगाम करू दे मला." भांडायला तोंड उघडलं होतं. मग त्यांची घोंगडीच घडी करून गठुड्यात ठेवली.

कोंडीबा उद्या सोलापूरला जाईल. मी जाणार नाही, हे येईपर्यंत इथंच राहीन.