खिडकीतला पानओवा

आई, तुझा पानओवा या पावसाळ्यात माझ्या हातून गेला. स्वयंपाकघराच्या खिडकीत, रॉकेलच्या कापलेल्या डब्यात तू वाढवलेला. तू गेल्यावर जुनं खोड थकलं की फांदी खुडून, पेल्यातल्या पाण्यात मुळं फुटवून मी तो चालू ठेवला, आणि त्याचा मला केवढा तोरा! दुकानात गिऱ्हाईक खोकलं तरी मी आईच्या हाताच्या गुणाचं सांगत बसायचो. यंदा माया म्हणून रोज पाणी घालत राहिलो आणि खोड कुजलं. लढाईमुळं हुबळीच्या बाजारात खोकल्याचं औषध मिळेना, धाकटी लेक रात्रंदिवस खोकतेय, आणि तव्यावर शेकून रस काढायला घरात एक पान नाही. मला इतकी लाज वाटली की डबा मोरीमागं लपवला आणि बायकोला म्हटलं, पावसाचं पाणी लागू दे म्हणून बाहेर ठेवलाय.

शेवटी समोरच्या अक्कांकडं गेलो. त्यांच्याही चुलीजवळच्या खिडकीत पानओवा आहे. गल्लीतली समजूत तुला ठाऊकच आहे, हातानं दिलेली फांदी लागत नाही, चोरून नेलेलीच लागते. बाजारात चार माणसं मान देतात असा मी, डोक्यावर टोपी, दुसऱ्याच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा. "मांजरानं डबा पाडला," एवढंच म्हटलं. अक्का म्हणाल्या, "थांब हं, दूध बघते," आणि पाठ फिरवून बसल्या. चुलीवर दूध नव्हतंच. मी घाईनं शेंडा ओढला, तर पाठमोऱ्याच म्हणाल्या, "कोवळं नको रे, खालचं जरा जून बघून खुड. तुझी अव्वा बरोबर खुडायची."

मी विचारलं, आई तुम्हाला शिकवायला यायची का? त्या हसल्या. "शिकवतीय कुठली? तिचं दर पावसाळ्यात कुजायचं की. मागल्या दारानं येऊन न्यायची. पोराला कळू देऊ नको म्हणायची, त्याला वाटतं माझ्या हाताला गुण आहे."

म्हणजे मी लहानपणापासून गावभर मिरवत होतो, आणि त्यापायी तू पदराआड फांदी लपवून आपल्याच घरात शिरत होतीस. डबा लपवताना वाटली नव्हती एवढी लाज मला त्या चुलीपाशी वाटली.

फांदीची खालची पानं काढून धाकटीला रस दिला, तिला उतार आहे. मुळं दुकानातच फुटवली आणि परवा फांदी तुझ्या डब्यात लावली. घरात मात्र सांगितलंय की आईच्या जुन्याच खोडाला फूट आली. बायकोला ते खरं वाटलं. तेव्हा हे पत्र तिच्या हाती लागायच्या आत बंबात घालतो.