अनोळखी बोट

३ मार्च, सोमवार

उघडलं!!!

पहिल्याच फटक्यात! बोट ठेवलं, हिरवा दिवा, खट् — आणि दुकानाचं दार आत. मी परत बंद केलं, परत उघडलं. सतरा वेळा! शेवटी चष्मिस म्हणाला, "अगं पुरे, बॅटरी संपवशील." आतला सगळा प्रोग्रॅम त्याचा, पण चेहरा असा की जणू दुसऱ्याच्याच गाडीचं पंक्चर निघालंय. हा माणूस आनंदी कधी होतो ते एकदा त्याच्या आईला विचारलं पाहिजे.

दीड वर्ष घालवलं या कुलपावर. नुसती गुळगुळीत स्टीलची पट्टी, तिच्यावर बोटापुरता काळा काचेचा चौकोन. भोक नाही, किल्ली नाही, कडी नाही. कोरा चेहरा! काढलेल्या सगळ्या आराखड्यांत हाच मला आवडला होता. बाबा तेव्हाच म्हणाले होते, "किल्लीला जागा ठेव गं कुठेतरी." म्हटलं, बाबा, किल्ली गेली आता. भोक असलं की तार घालणारा आलाच. हे त्यांना काय सांगायचं म्हणा! चाळीस वर्षं कुलपंच केलीत त्यांनी.

दारावरचं त्यांचं जुनं कुलूप आज मीच काढलं. माझ्या जन्माच्या आधीचं होतं. बाबांनी किल्ली मात्र खिशातच ठेवली. असू दे.

आता एकच उरलं. शिक्का! आमच्या दुकानाचा नियम — नवीन कुलूप बाबा स्वतः दिवसभर उघडायला बघतात, तारा, आकडे, सगळी हत्यारं घेऊन. उघडलं तर परत भट्टीत. नाहीच उघडलं, तर पट्टीच्या आतल्या बाजूला शिक्का मारायचा, त्या दिवसाची तारीख घालून. बाहेर नाही, आत. "गिऱ्हाइकाला कशाला दाखवायचा? आपल्याला माहीत असलं म्हणजे झालं." लहानपणापासून बघतेय. माझ्या कुलपावर तो शिक्का हवा म्हणजे हवाच! बाबा म्हणाले, "याला भोकच नाही, मी घालू काय? राहू दे दारावर, बघू."

बघू म्हणजे काय!

जाता जाता त्यांना सांगितलं, आतलं बटण दाबा, बोट सहा वेळा ठेवा, झाली तुमची नोंद. "तू हो पुढे. मी करतो सावकाश." घरी आल्यावर विचारलं, दिलंत का बोट? "दिलं, दिलं." जीव भांड्यात पडला.

४ मार्च, मंगळवार

नऊला पोचले तर बाबा दुकानाच्या पायरीवर, पेपर घेऊन. दार बंदच! काय हो, आत नाही गेलात? "ऊन खात बसलोय." शब्दकोडं पूर्ण भरलेलं. एरवी दुपारपर्यंत पुरवतात.

रुसलेत. माझ्या कुलपाला हातच लावायचा नाही असं ठरवलेलं दिसतंय. लहान मुलासारखं! मी बोट ठेवलं, खट्, "या आत, सरकार." हसले जरा.

६ मार्च, गुरुवार

आई म्हणते, बाबा हल्ली सहालाच फिरायला बाहेर पडतात. इतकी वर्षं साडेसहाला दुकान उघडून बसायचे, गिऱ्हाईक येईपर्यंत एकटेच कानस घासत. आता म्हणे, "दुकान पोरगी उघडते, मला कसली घाई." बघा! एका कुलपानं बाबांना फुरसत दिली! हे जाहिरातीत घालायला हवं.

दुपारी चष्मिसने बोटांची यादी उघडली. माझं बोट, त्याचं बोट, आणि तिसरं काहीतरी "अपूर्ण". म्हणाला, "हे काय?" म्हटलं, तुझाच काहीतरी घोळ, पुसून टाक. पुसलं. मग मी म्हटलं, थांब, बाबांचं कुठे दिसत नाही? तो म्हणाला, यादी कधी कधी उशिरा ताजी होते. बरं.

७ मार्च, शुक्रवार

आज अंगावर काटा आला. चोर!!

खरंच! कुलपाच्या नोंदी पहिल्यांदाच नीट वाचल्या. मंगळवारपासून रोज सकाळी साडेसहाच्या सुमाराला — "अनोळखी बोट. अनोळखी बोट. अनोळखी बोट." तीनदा चुकलं की कुलूप दहा मिनिटं गप्प बसतं. मग काहीच नाही. दुसऱ्या दिवशी परत!

चष्मिसला फोन केला तेव्हा मी अक्षरशः उड्या मारत होते. तो म्हणाला, "तुझ्या दुकानात कोणीतरी घुसायला बघतंय आणि तू नाचतेस?" अरे पण घुसू शकलं नाही ना! रोज येतोय आणि रोज हात हलवत जातोय! यापेक्षा मोठी परीक्षा कुठली?

एकदा मनात आलं, बाबा तर नसतील? पण बाबांनी बोट दिलंय, त्यांचं असतं तर उघडलंच असतं. शिवाय ते त्याला हात लावत नाहीत. तरी विचारलं त्यांना, सकाळी इकडे कोणी घुटमळताना दिसतं का? कानस थांबवली नाही. "मी काय, फिरत फिरत नऊच्या सुमाराला येतो. कोण दिसणार?"

माझा संशय समोरच्या चपलांच्या दुकानातल्या त्या नव्या माणसावर आहे. बघतो कसा!

१० मार्च, सोमवार

बाई येणार! शनिवारी!

बाई म्हणजे कामावरून निवृत्त झालेल्या लोकांसाठी घरं बांधणाऱ्या संस्थेच्या. एकशे चाळीस दारं. एकशे चाळीस!! म्हणाल्या, "आमचे म्हातारे रोज किल्ल्या हरवतात, रोज दारं फोडावी लागतात. तुमचं ते बिनकिल्लीचं दाखवा." फोन ठेवला आणि टेबलाभोवती तीन चकरा मारल्या. बाबा म्हणाले, "पडशील."

एकशे चाळीस दारं म्हणजे हे दुकान माझं होणार. म्हणजे तसं माझंच आहे, पण खरंखुरं माझं. आणि त्या दिवसापर्यंत शिक्का मिळाला तर! विचारलं पुन्हा. "बघतोय," म्हणाले. बघतोय म्हणे! लांबून!

१२ मार्च, बुधवार

आज सकाळी तीनदा. चिकाटी आहे हं चोराची.

स्वयंपाकघरात आई बाबांच्या बोटांना साय चोळत बसली होती. म्हटलं, हे काय लाड? "भेगा पडल्यात." बाबांनी हात पटकन मागे घेतला. साय दुधाला ठेवा की, म्हटलं. आईनं सायीची वाटी उचलून ठेवली, एरवी मला सोडत नाही ती.

१५ मार्च, शनिवार

मिळाली! ऑर्डर मिळाली!!! थांब, नीट लिहिते, नाहीतर सगळं सांडेल.

बाई अकराला आल्या. हातात जाड फाइल, पायात बूट, एक शब्द जास्त नाही. बोटाची नोंद करून घेतली, ठेवलं, खट्. भुवई वर. परत ठेवलं. परत भुवई. मग म्हणाल्या, "छान आहे. पण सुरक्षित कशावरून?"

याचीच वाट बघत होते! लॅपटॉप फिरवला त्यांच्याकडे. म्हटलं, हे बघा बाई, अकरा दिवस कोणीतरी रोज पहाटे हे दार उघडायला बघतंय. एकतीस वेळा! एकतीस वेळा बोट लावलं आणि माझं कुलूप जागचं हललं नाही. "तो बिचारा अजून पायरीवर डोकं आपटत असेल!" असंही म्हणाले. बाई चक्क हसल्या. हसल्या! मी आणखी चढले. त्या चोराची नक्कलच केली — इकडे बघतोय, तिकडे बघतोय, बोट फुंकतोय. काय सुचत होतं कुणास ठाऊक.

बाबा टेबलाशी कानस घासत होते. आवाज थांबला. उठले, चपला घातल्या, बाहेर गेले. मला वाटलं पाहुण्यांसाठी चहा सांगायला गेले. चहा काही आला नाही.

बाईंनी तिथल्या तिथे सही केली. तीन आठवड्यांत पहिली वीस दारं. चष्मिस हसला! दात दिसले, मी शपथेवर सांगते!

बाबा दुपारनंतर परतले. म्हटलं, बाबा, एकशे चाळीस! डोक्यावर हात ठेवला माझ्या, बराच वेळ. "छान केलंस. पक्कं केलंस." संध्याकाळी म्हणाले, "तू हो पुढे, मी दार ओढून येतो." ओढलं की आपोआप बंद होतं, तेवढं त्यांना जमतं. मी वळणापर्यंत पोचले तर दुकानातून हातोडीचा एकच ठोका. म्हटलं, लागले परत कामाला. या माणसाला सुट्टी म्हणून माहीत नाही.

शिक्का मात्र विचारायचा राहिला. आज विचारला असता तर दिला असता!

१६ मार्च, रविवार

दुकान बंद. चष्मिसला बोलावून पाटीच्या मागे छोटा कॅमेरा बसवला. उद्या चोर पकडायचा! मोबाइलवर थेट दिसणार. बाईंना व्हिडिओ पाठवीन. घरी कोणाला सांगितलं नाही, आई उगाच घाबरायची.

१७ मार्च, सोमवार

सहा चौतीस. मी घरी टेबलाशी, मोबाइल समोर.

आला. पायात फिरायचे बूट. आधी रस्त्याच्या इकडे बघितलं, मग तिकडे. उजवं बोट शर्टाला पुसलं. फुंकर मारली. ठेवलं. लाल. रुमालानं पुसलं, पुन्हा ठेवलं, दाबून, लाल. मग डावा अंगठा. लाल.

मग खिशातून जुनी किल्ली काढली आणि माझ्या कोऱ्या पट्टीवरून वरून खाली फिरवली. हळूच. जागा कुठे आहे का बघत असल्यासारखी. ठेवून दिली खिशात. पायरीवर बसले, पेपर उघडला, पेन्सिल काढली.

बाबा.

मी तिथेच बसून राहिले. मग कळलं, आणि इतका राग आला स्वतःचा! माझं कुलूप बोटांच्या रेषा वाचतं. चाळीस वर्षं कानस, पॉलिश पेपर, तापलेलं पितळ — बाबांच्या बोटांवर रेषा आहेतच कुठे? गुळगुळीत झालीत, माझ्या पट्टीसारखी. सहा वेळा बोट ठेवूनही नोंद होईना, ते "अपूर्ण" त्यांचंच. आणि मी ते पुसायला लावलं! साय त्यासाठीच. अडीच तास रोज त्या पायरीवर. स्वतःच्या दुकानाच्या!

आणि मी त्यांच्यासमोर त्यांचीच नक्कल केली. बाईंना हसवायला.

धावत गेले. बोट ठेवलं, दार उघडलं. "आज लवकर?" म्हणाले. म्हटलं, हो, झोप नाही आली.

१८ मार्च, मंगळवार

आईला विचारलं. "मला सांगू नको म्हणाले होते. म्हणे, पोरीचा उत्साह जाईल." आई रडली, मग मी, मग दोघींनी डोळे पुसले कारण बाबा अंघोळीहून येत होते.

बाईंना फोन केला. सगळं सांगितलं — तो चोर माझे वडील आहेत, माझं कुलूप कामाचे हात ओळखत नाही. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "आमच्याकडे गवंडी आहेत, धुणी धुतलेल्या बायका आहेत, यंत्रावर आयुष्य काढलेली माणसं आहेत. सगळ्यांचे हात तसेच. थांबवते ऑर्डर." मी म्हटलं, थांबवा. बरोबर आहे. मग त्याच म्हणाल्या, "बोटही चालेल आणि किल्लीही, असं करता येईल का? महिनाभर देते. आणि हे स्वतः सांगितलंत, ते लक्षात ठेवीन."

ठेवला फोन आणि डोकं पळायलाच लागलं! होईल! किल्ली, पण साधी नाही, बाबांच्या हातची, तारेला दाद न देणारी. बाबांना म्हटलं, बाईंना किल्लीपण हवीय, भोक कुठे काढू? एवढंच सांगितलं. बाबांनी पेन्सिल घेतली आणि पट्टीवर टिंब केलं. क्षणाचाही विचार नाही! काचेच्या खाली, दोन बोटांवर. तिथेच शोभतं ते, खरं सांगायचं तर आधीपेक्षा जास्त शोभतं.

"पण आता मला हे उघडता यायला नको हं तारेनं," म्हणाले. डोळे चमकत होते. किती दिवसांनी!

१९ मार्च, बुधवार

भोक पाडायला पट्टी काढली. उलटी केली.

आत शिक्का आहे. तारीख १५ मार्च.

नियम म्हणजे नियम. एकतीस वेळा त्यांना उघडता आलं नाही, म्हणून त्यांनी मारला.