कोंबड्यांच्या खाद्यातलं औषध

पनवेल, १२ ऑगस्ट १९९६

चि. भरत,

आशीर्वाद लिहायचं मनात नाही, पण रीत मोडवत नाही.

बाबांना इथं दवाखान्यात ठेवलंय, तरी पायाची जखम चिघळतेच आहे. जंतू नेहमीच्या औषधाला दाद देत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. वजन भरावं म्हणून तेच औषध तू धडधाकट कोंबड्यांना चारतोस, औषधाला सरावलेल्या जंतूंसकट शेड धुतलेलं पाणी ओढ्यात सोडतोस, आणि बाबा त्याच ओढ्यात अनवाणी उतरायचे. वा रे शहाण्या!

येत्या सोमवारी डॉक्टर गुरांच्या डॉक्टरांना सोबत घेऊन ओढ्याचं पाणी तपासायला तिकडे येतील. शेडला कुलूप दिसलं, तर भाऊबीजेला इकडे फिरकू नकोस.

आई वेळेवर जेवते ना?

बाबा तापात बडबडतात. सारखं एकच विचारतात, "भरतच्या कोंबड्या बऱ्या आहेत ना?"

तुझी ताई,
सुमती