आटवलेली आदिला

शके १८५४, माघ शु. ७
सर्दी. सुंठीचा काढा दोनदा. सकाळी मुलींच्या शाळेत सभा. विलायतेतील कोणी मंडळी जगभरच्या शाळांना लिहीत आहेत की विद्यार्थ्यांनी आपल्या गावच्या नदीचे चित्र काढून पाठवावे. सगळ्या नद्या एका दालनात शेजारी शेजारी मांडू म्हणतात. नाईल, थेम्स, व्होल्गा, आणि सोलापूरकरांची जी काय असेल ती. अध्यक्ष रावसाहेब. गावातला सूत रंगवण्याचा मोठा रंगखाना त्यांचा, शाळेची कमिटीही त्यांचीच. परीक्षक मी, कारण मला संस्कृत येते. संस्कृत येणाऱ्याला सगळेच येते असा समज आहे. तो दूर करण्याची घाई मलाही नाही.

आपली नदी कोणती यावर अर्धा तास. भीमा लांब, सीनाही जवळ नाही. गावालगत एक आदिला. नकाशात नदी, पावसात ओढा, एरवी गटार. स्नानाच्या श्लोकात सात नद्या. आठवीला कोणी जागा ठेवलेली नाही. रावसाहेब म्हणाले, "मुलींना हवं ते काढू द्या. निळी असली म्हणजे झालं."

माघ व. ४
चित्रे आली. सगळी निळी. घाट, देऊळ, शिडाच्या होड्या. घागरीखेरीज काही तरंगताना न पाहिलेल्या मुलींनी शिडे काढली आहेत. एकीच्या आदिलेत मगर.

एकच निराळे. मराठी सहावीतली नरसू. बाप मल्लय्या रावसाहेबांच्याच रंगखान्यात रंगारी. तिची नदी लाल. काठाला हिरवट पट्टा, मध्ये दगड, दगडावर बाया धुणे धुताहेत आणि धुणेही हळूहळू लाल होत चालले आहे. कागदाला बारीक चकाकी, ओल्या वाळूची असते तशी. मी बराच वेळ हातात धरून बसलो.

ड्रॉइंगमास्तर: "नदी लाल असते का गं?"
नरसू: "सोमवारी असती. मंगळवारी हिरवी."
मास्तर: "आणि निळी कधी?"
"निळीचं पीप उघडतेत तवा."
मला हसू आले. मास्तरांना नाही. तिची बोटे पाहिली, लाल. "ही घाण घेऊन शाळेत येतेस?" म्हणून त्याच बोटांवर छडी. मग बोटे कशाने लाल हे सांगणे अवघड झाले.

फाल्गुन शु. ३
प्रदर्शन. मी हट्ट धरला, नरसूला पहिला नंबर. रावसाहेबांनी चष्मा काढून चित्र पाहिले, लावून पाहिले. खूष. "आमच्या रंगाऱ्याची पोर! हाताला गुण आहे की." बिल्ला स्वतः लावला. मल्लय्या दाराशी उभा, कोपरापर्यंत जांभळे हात पाठीमागे लपवून. नमस्कारालाही पुढे काढीना. नरसू बिल्ल्याकडे पाहात नव्हती, भिंतीवरच्या आपल्या नदीकडे पाहात होती.

चित्र विलायतेस रवाना. पुण्याच्या साप्ताहिकासाठी वार्तापत्र लिहिले. बरे उतरले आहे.

फाल्गुन शु. १०
अंक आला. माझे वाक्य जसेच्या तसे छापले: 'कु. नरसूचा लाल रंग असा जिवंत की रावसाहेबांच्या कोठीतून थेट कागदावर उतरला की काय असे वाटावे.' संपादक सहसा अशी वाक्ये कापतात. यंदा कापले नाही. सौ.ला वाचून दाखवले. म्हणाली, "रावसाहेबांना आवडेल." दुपारी त्यांच्याकडून पेढे.

फाल्गुन शु. १४
पेढे पचायच्या आत.

मल्लय्याला कामावरून काढले. चोरीचा आळ. रावसाहेबांनी बोलावून घेतले, गादीवर बसवले, स्वतः पानाचा डबा पुढे केला. "शास्त्रीबुवा, तुम्ही लिहिलंत म्हणून लक्षात आलं. पोरीजवळ असा रंग आला कुठनं? जर्मनीचा माल आहे. बाजारात सुटा मिळत नाही, कोठीला कुलूप. मग कोठीतनंच, नाही का?" म्हटले, तो अलंकार होता. उत्प्रेक्षा. 'की काय' असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणाले, "अलंकार घरच्यांना. मला माल कळतो."

बत्तीस वर्षे उत्प्रेक्षा शिकलो व शिकवली. तिने कोणाची नोकरी घालवल्याचे ऐकले नव्हते.

फाल्गुन व. १
मल्लय्याकडे गेलो. साखरपेठेच्या मागे, एका खोलीत माग, चूल आणि पाच माणसे. मी दारात उभा राहिलो तर त्याने आधी पोते झटकले. "बसा सामी." रागावला असता तर बरे वाटले असते.

नरसूला विचारले, रंग कोठून आणलास?
"नदीतनं."
कोठून?
"नदीतनं की. रंगखान्याचं गटार पडतंय तितनं. पाणी डब्यात धरायचं, चुलीवर ठेवायचं. आटतंय, आटतंय, मग खाली रंग ऱ्हातो. त्यात बाभळीचा डिंक घालायचा."
आणि चकाकी?
"मीठ हाय ते. रंगात मीठ टाकतेत, ते बी ऱ्हातंय."

म्हणजे पोरीने नदीचे चित्र नदीनेच काढले. हे मला परीक्षक म्हणून सुचायला हवे होते. तेव्हा मी मगरीला हसत होतो.

आई चुलीशी, तेलुगूत काही पुटपुटत होती. नरसूने अर्थ सांगितला नाही. मल्लय्याने सांगितला: "म्हनती, दुसऱ्या पोरींवानी निळी काढली असती तर."

फाल्गुन व. ५
रंगपंचमी. रावसाहेबांनी दरवर्षीप्रमाणे पेठेत लाल रंगाची पिपे मांडली. फुकट. या, बुडा, उडवा. गावात एक हात पांढरा राहिला नाही. ड्रॉइंगमास्तर कानापर्यंत लाल. रावसाहेबांनी माझ्यावर पिचकारी मारली व म्हणाले, "हा घ्या कोठीतला!" मंडळी हसली. हसण्यासारखे होते.

मल्लय्याच्या घरचे कोणी बाहेर पडले नाही. सबंध सोलापुरात आज बोटे स्वच्छ असलेली मुलगी तेवढी एकच, आणि चोर तीच.

शके १८५५, चैत्र शु. ४
पाडवा कोरडाच गेला. प्रयोग करायचे ठरवले. न्यायशास्त्रात हेतू आणि दृष्टान्त दिल्याशिवाय सिद्धान्त होत नाही. सोमवारी गटाराच्या तोंडाशी गेलो, धोतर खोचून. परटिणी पाहात होत्या. एक म्हणाली, "बामन गटारात काय शोधतोय गं?" दुसरी: "पुण्य असंल." घागर भरून घरी. सौ.च्या तांब्याच्या पातेल्यात आटवले. घरभर वास. सौ. देवघराचे दार लावून आत बसली. तिसऱ्या प्रहरी तळाशी काकवीसारखा लाल थर. कागदावर ओढला. वाळल्यावर चकाकला. जिभेला लावून पाहिला, खारट.

सौ. बाहेर येऊन म्हणाली, "पातेलं गेलं." म्हटले, एक माणूस वाचतो. "मग असू दे," म्हणाली. दोन दिवस मात्र बोलली नाही.

चैत्र शु. ६
तो कागद घेऊन रावसाहेबांकडे. साक्षीला बाटलीत गटाराचे पाणी, शेजारी आटवलेला रंग. पायरी पायरीने सगळे मांडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. कोठीवाल्याला बोलावले, कागदावर बोट घासायला लावले. "कोणाचा माल?" तो म्हणाला, "आपलाच की, मालक."

"झालं तर," रावसाहेब म्हणाले. "रंग आमचाच, हे शास्त्रीबुवांनी स्वतः शाबीत करून दिलं."
म्हटले, पण टाकून दिलेल्या पाण्यातला.
"टाकून दिलं म्हणजे दिलं का कुणाला? माझ्या गटारातलं पाणी माझं. आज पोरगी आटवते, उद्या सगळी पेठ आटवील."
मग आवाज खाली आणून, अगदी घरच्यासारखे: "तुम्हाला मी खोटं पाडत नाही. उलट तुम्ही आमचे साक्षीदार."

नदी कोणाची हे विचारण्याचे धैर्य झाले नाही. पानाचा डबा पुढे आला. मी पान घेतले. का घेतले?

वैशाख शु. ११
बाकीच्या रंगखान्यांतही मल्लय्याला घेत नाहीत. मालक एकमेकांची लग्ने लांबवतील, पण निरोप लांबवत नाहीत. स्टेशनात गाठोडी उचलतो. आज फलाटावर भेटला. माझे सामान उचलू दिले नाही तर डोळ्यांत पाणी आणले, उचलू दिले. हातांवरचा जांभळा उतरत चालला आहे, नखांत तेवढा उरलाय. म्हणाला, "सामी, घरवाली हात वळखत न्हाय."

नरसूची शाळा बंद. शेजारच्या मागवाल्याकडे सुताच्या कांड्या भरते. बिल्ला आईने शिक्का खाली करून चुलीमागे ठेवला आहे म्हणे.

आषाढ शु. २
पाऊस नाही, नुसता ढग. रावसाहेबांनी रंगखान्याचे गटार फरशांनी झाकून घेतले, थेट पुढे सोडले, धुण्याच्या खडकापलीकडे. म्युनिसिपालिटीने आभार मानले: आरोग्याची सोय. आदिला आता पाणी ज्या रंगाचे असते त्या रंगाची, म्हणजे कसल्याच नाही. परटिणींचे धुणे मात्र पांढरे निघते, हेही लिहिले पाहिजे. सगळेच वाईट होत नाही. हाच तर वाईटपणाचा त्रास.

श्रावण शु. ९
विलायतेहून टपाल. छापील पुस्तिका, सगळ्या नद्यांची. नाईलवर एका मुलाने फक्त बैलाची पावले काढली आहेत. नॉर्वेतल्या कोणा मुलीची नदी गोठलेली, तिच्यावर तिची आजी चालते आहे. आणि नरसूचे पान. खाली परीक्षकांचा शेरा. शाळेच्या सभेला इंग्रजी वाचणारे तीनच जण होते, म्हणून मीच अर्थ सांगितला: या मुलीने लाल नदीची कल्पना केली, अशी कल्पनाशक्ती दुर्मिळ. सोबत बक्षीस, रंगांची पत्र्याची पेटी. पुढल्या वर्षी याच मुलीने याच नदीचे आणखी एक चित्र पाठवावे, ही विनंती. एक बारीक तक्रारही: दमट हवेत चित्राला घाम येतो, कारण कळेल का?

कारण मीठ. पण मीठ का, हे सांगायचे तर सगळेच सांगावे लागते.

रावसाहेब इतके खूष की मला मिठी मारली. "विलायतेत सोलापूरचा रंग गेला!"

श्रावण शु. १३
रावसाहेबांचा निरोप. समारंभ करायचा, श्रा. व. २ ला, शाळेच्या पटांगणात. कलेक्टरसाहेब येतील. पेटी नरसूला तेव्हाच द्यायची. अट एक. पोरीने सर्वांसमोर दोन वाक्ये म्हणायची: रंग बापाने कोठीतून आणला, मालकांनी मोठ्या मनाने क्षमा केली. "बस. लगेच मल्लय्या दुसऱ्या दिवशी कामावर. मी काय राक्षस आहे?" वाक्ये मी लिहून द्यायची, माझी भाषा चांगली आहे.

श्रावण शु. १४
निरोप घेऊन गेलो. मी कोण, तर निरोप्या. मल्लय्याची बायको लगेच म्हणाली, "नरसू बोलेल." उद्या पौर्णिमा, त्यांच्या मार्कंडेयाचा रथ, घरात नवे कापड कोणालाच नाही. मल्लय्या इतकेच म्हणाला, "चोर व्हायचं तर व्हतो की सामी. पन पोरीच्या तोंडानं?"

नरसू कांड्या भरत होती. हात थांबला नाही.

श्रावण व. १
सकाळी वाक्ये लिहिली. शुद्ध, गोड, लहान मुलीच्या तोंडी शोभतील अशी. बत्तीस वर्षांत इतके सुबक काही लिहिले नव्हते. घेऊन गेलो. सोबत पेटीही नेली, पाहायला तरी मिळावी म्हणून. रावसाहेबांना सांगितले नाही.

नरसूने पेटी उघडली. बोट ओले करून लाल वडीवर फिरवले, जिभेला लावले. "मीठ न्हाय ह्यात," म्हणाली. मग निळी. तीही चाखली. पेटी मिटून माझ्याकडे दिली.

मग वाक्ये वाचली, सरळ, कोठे न अडखळता. सहावीपर्यंत शिकवले आहे आपण.
म्हणाली, "ह्यात नदीचं न्हाय."
म्हटले, नाही.
"मग नदी कोन सांगनार?"
मल्लय्या लेकीला म्हणाला, "तू दोनच बोल अम्मा. दोनच." आणि नखे पाहात बसला.
ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. कागदाची घडी केली, परकराच्या नेफ्यात खोचली, कांडी उचलली.

आता घरी. पुण्याची टपालगाडी तिन्हीसांजेला. साप्ताहिक परवा निघते, म्हणून उद्याच्या समारंभाची हकीकत आजच रवाना करावी लागते; नेहमी तशीच करतो, आणि आजवर एकदाही चुकलेली नाही, कारण सोलापुरात समारंभात कधी काही होतच नाही. स्वागत, हार, अध्यक्षांचे चार शब्द, सगळे लिहून झाले आहे. 'नंतर कु. नरसू हिने' इथपर्यंत आलो. पुढे बोरूच चालत नाही.

ती दोन वाक्ये तर मला तोंडपाठ आहेत. तीच उतरवायची.

सौ. दारात. "गाडीची वेळ झाली. पाकिटाला डिंक आणू का?"
म्हटले, थांब जरा.