वीस तास बसणं

हॅमिल्टन, न्यूझीलंड,
६ सप्टेंबर २०२५

प्रिय ईशाताई,

दाजींना नमस्कार, श्रियाला पापा. आईचा गुडघा कसा आहे?

इकडची थंडी ओसरतेय, पण सकाळी दहापर्यंत धुकं हलत नाही. मी रोज लायब्ररीत जातो. खिडकीपाशी एक उंच टेबल आहे, तिथं उभ्याने वाचतो. बाकीची मुलं बसून गप्पा मारतात, त्यामुळे मी त्यांच्यात असूनही नसल्यासारखा.

उभ्याने का, ते तुला कधी सांगितलंच नाही.

खोलीत टेबल नव्हतं. पलंगावर मांडी घालून, लॅपटॉप मांडीवर घेऊन सहा महिने प्रोजेक्ट केला. मे महिन्यात एका दुपारी चमचा उचलायला वाकलो आणि कमरेतून कळ गेली. अक्षत, माझा फ्लॅटमेट, कामावरून येईपर्यंत चार तास किचनच्या फरशीवर पडून होतो. व्हिडिओ कॉलवर तुम्ही म्हणायचात, "काय, अजून लोळतोयस?" मी फक्त चेहरा दिसेल असा फोन धरायचो आणि हसायचो. बाबा म्हणाले होते, "दमला असेल, झोपू दे."

अकरा जूनला तुझा फोन आला. "बाबा गेले, धैर्या. निघ."

मी म्हणालो, "परीक्षा आहे."

"परीक्षा मोठी की बाबा?"

ताई, ती परीक्षा मी दिलीच नाही. मला दहा मिनिटंही बसता येत नव्हतं. इथून विमानतळ, पुढे वीस तास विमान! तरी पालथं पडून तिकिटं शोधली. अक्षत म्हणत होता, "घरी खरं सांग ना यार." पण बाप गेलेल्या घरात तेविसाव्या वर्षी पाठ दुखते म्हणून कोण सांगणार? आईला आणखी एक घोर कशाला, असं मनाला समजावलं.

तेही पूर्ण खरं नाही. तेराव्यापर्यंत मला बरं वाटू लागलं होतं. गोळ्या घेऊन कदाचित आलो असतो. पण बाबांशिवायच्या घरात पाऊल टाकायची भीती वाटली. पाठीच्या आड लपलो.

जुलैत युनिव्हर्सिटीतल्या फिजिओकडे गेलो. म्हणाली, "तुझ्यासारखे हीप्स, म्हणजे ढिगाने येतात रे. सगळे स्टुडंट्स." मग सहज विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

मी म्हणालो, "आई, बाबा, ताई."

तिने तसंच लिहून घेतलं. बाहेर पार्किंगमध्ये आलो आणि रडलो. तोवर रडलो नव्हतो.

आता पन्नास मिनिटं बसता येतं. राहिलेली परीक्षा ऑक्टोबरात देतोय. नोव्हेंबरमध्ये येईन, विमानात उठत-बसत. आईला मीच सांगेन, तू सांगू नकोस.

तीन महिने तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून हे पत्र. मी दर रविवारी, तुमच्या सकाळी दहाला करतो. करतच राहीन. बोलू नकोस हवं तर, नुसता उचल. मागून घरातले आवाज ऐकू आले तरी पुरे.

तुझ्याशी खोटं बोललेला, तुझाच
धैर्यशील